आपलीं कागदपत्रें आणि लेखनयंत्र

गेल्या वर्षींच्या अंकांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'वर एक लहानसा निबंध छापला होता, तो वाचकांच्या स्मरणांत असेल. निबंध नववीच्या एका हुशार विद्यार्थिनीचा होता. भाषा स्वच्छ, मांडणी नीटनेटकी. त्यांत एक वाक्य असें होतें कीं, हें पुराण १६१६ सालीं देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. अंक घरोघरीं जाऊन पंधरा दिवसही झाले नसतील, तोंच आमच्या शाळेंतून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक, हातांत अंक आणि कानावर तांबडी पेन्सिल, असे शिक्षकांच्या खोलींत येऊन उभे राहिले. "हें कोठें वाचलेंत?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न बिनतोड होता. क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें हें खरें. त्याची भाषा मराठी हेंही खरें. परंतु त्याचे खिळे रोमन लिपीचे होते. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मंगळूर येथें १९०७ सालीं साल्डान्हा यांनीं हस्तलिखितांवरून नवी आवृत्ति काढली, तीही रोमन लिपींतच. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित मात्र लंडन येथील मार्सडन यांच्या संग्रहांत आहे, आणि घोटाळा बहुधा तेथूनच उद्भवला असावा. आम्हीं तो निबंध दोन वेळां तपासला होता. ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, दोनचार स्वल्पविराम घातले, आणि नेमकी तीच चूक नजरेआड होऊं दिली. तेव्हां दोष मुलीच्या आधीं आमच्या पदरीं येतो. मुलीस विचारतां तिनें प्रांजळपणें सांगितलें कीं, ती माहिती तिनें घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धीच्या लेखनयंत्रास विचारून घेतली होती. "त्यानें अगदीं ठामपणें सांगितलें, सर," असेंही ती म्हणाली.

त्या दिवसापासून या विषयावर आमच्या विद्यार्थ्यांसाठीं कांहीं लिहावें असें मनांत होतें. यंत्र वापरूं नका असें सांगण्यांत अर्थ नाहीं. तें तुमच्या घरांत आलें आहे. परंतु त्याजकडून काम करून घेण्याची एक रीत अशी आहे कीं, तींत विषयाचीं कागदपत्रें आपण स्वतः त्याच्या पुढ्यांत ठेवावयाचीं व त्यांच्याच आधारें त्यास लिहावयास सांगावयाचें. ही रीत पुष्कळांस ठाऊक नाहीं, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांच्यांतही ती नीट वापरणारे थोडे.

प्रथम हें पाहूं कीं, कागदाशिवाय यंत्र उत्तर देतें तें कशाच्या बळावर. चॅटजीपीटी हें नांव ३० नोव्हेंबर २०२२ पासून सर्वतोमुखीं झालें; मागोमाग जेमिनी, क्लॉड इत्यादि आलीं. या सर्वांची घडण २०१७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' नामक रचनेवर आधारलेली आहे. अगणित पुस्तकें, वर्तमानपत्रें व संकेतस्थळें यांतील मजकुरावरून शब्दामागून शब्द कसा येतो याचा अभ्यास यंत्राकडून करवून घेतात, आणि तो अभ्यास आंकड्यांच्या रूपानें त्यांत साठून राहतो. २०२० सालच्या जीपीटी-३ मध्यें असे सुमारें १७,५०० कोटी आंकडे होते. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, वाचलेलीं पुस्तकें त्याच्या पोटांत पानापानांनीं रचून ठेवलेलीं नसतात. उरतो तो त्यांचा एक दाट संस्कार. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला, हें असंख्य पानांवर आलेलें असल्यामुळें तो संस्कार पक्का असतो व यंत्र तेथें सहसा चुकत नाहीं. राचोलच्या छापखान्यांत कोणत्या लिपीचे खिळे होते, हें किती पानांवर आलें असेल? तेथें संस्कार पुसट. परंतु वाक्य पुरें करण्याची संवय मात्र तितकीच दांडगी. मराठी पुराण म्हटलें कीं देवनागरी हा शब्द ओघानें येतोच, आणि तो आला.

हें खोटें बोलणें आहे काय? तसें म्हणतां येणार नाहीं, कारण खोटें बोलणाऱ्यास खरें ठाऊक असावें लागतें. परंतु परिणाम तोच होतो. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथील एका न्यायालयांत 'माता विरुद्ध एव्हिआंका' हा दावा चालला असतां, फिर्यादीच्या वकिलांनीं यंत्राकडून मिळवलेले सहा जुने निवाडे आधारादाखल सादर केले, आणि ते सहाही निवाडे कोठेंच अस्तित्वांत नव्हते. त्यांतील एका वकिलानें, हा निवाडा खरा आहे ना, असें त्याच यंत्रास उलट विचारलेंही होतें. यंत्रानें होकार दिला. जून २०२३ मध्यें न्यायाधीश कॅस्टेल यांनीं वकिलांस ५,००० डॉलर दंड केला. ज्याची साक्ष संशयित, त्यालाच साक्षीचा साक्षीदार केला, ही या प्रकरणांतील खरी चूक असें आम्हांस वाटतें.

आतां कागद देण्याची रीत. विद्यार्थ्यांस हें परीक्षेच्या दृष्टांतानें चटकन समजेल. पुस्तक मिटून उत्तरें लिहावयाचीं ती एक परीक्षा, आणि पुस्तक उघडें ठेवून लिहावयाचीं ती दुसरी. कागद दिले म्हणजे यंत्रास दुसऱ्या परीक्षेस बसविलें. परंतु येथें एक गैरसमज फार आढळतो. आमच्याच एका सहकाऱ्यांनीं शाळेचे जुने अंक एकदां यंत्रास दाखविले व आठ दिवसांनीं नव्या संभाषणांत त्याविषयीं प्रश्न विचारून, यंत्र विसरलें म्हणून ते नाराज झाले. वास्तविक यंत्र तो मजकूर 'शिकलें' नव्हतेंच. कागद दिल्यानें त्याच्या आंतील आंकडे बदलत नाहींत. कागद मेजावर असेतों त्यास दिसतो. मेज आवरलें कीं संपलें. कांहीं साधनांत हें मेज जपून ठेवण्याची सोय असते, उदाहरणार्थ गूगलच्या 'नोटबुकएलएम' मध्यें, जें २०२३ सालीं निघालें व आपण दिलेल्या कागदांवरूनच उत्तरें देऊन कोणतें वाक्य कोठून घेतलें हेंही दाखवितें. तेथेंही जपलें जातें तें मेज. यंत्राची विद्वत्ता कांहीं वाढत नाहीं.

मेज किती मोठें? यंत्र मजकुराचे लहान लहान तुकडे करून वाचतें. त्यांस टोकन म्हणतात. जीपीटी-३ च्या मेजावर २,०४८ टोकन मावत, म्हणजे एखादा बेताचा लेख. २०२४ सालीं आलेल्या जेमिनी १.५ नें ही मर्यादा दहा लाखांवर नेली. यांत आम्हां मराठी लोकांवर बरेच दिवस एक अन्याय होत असे. तुकडे पाडण्याची पद्धति इंग्रजीस सोयीची असल्यामुळें तोच आशय मराठींत लिहिला कीं कितीतरी अधिक जागा खाई. मे २०२४ मध्यें जीपीटी-४ओ निघालें तेव्हां त्याच्या कर्त्यांनींच दिलेल्या एका मराठी नमुन्यांत पूर्वीं ९६ टोकन लागत, तेथें ३३ पुरूं लागले. म्हणजे पूर्वीं आपलें पुस्तक त्याच मेजावर जवळजवळ तिपटीनें जाड होतें!

कागद मेजावर मावत नसतील तर दुसरी युक्ति योजितात. ही युक्ति २०२० सालीं पॅट्रिक लुईस व त्यांचे सहकारी यांनीं एका निबंधांत मांडली, आणि पुढें ती सर्वत्र रूढ झाली. सर्व मजकुराचे परिच्छेदाएवढे खंड पाडावयाचे. प्रत्येक खंडाच्या अर्थास अनुसरून त्यास आंकड्यांची एक माळ द्यावयाची, ती अशी कीं सारख्या अर्थाच्या खंडांच्या माळा एकमेकींजवळ पडाव्या. मग प्रश्नाचीही तशीच माळ करून तिच्या जवळचे चारदोन खंड तेवढे मेजावर आणावयाचे. ग्रंथपालानें कपाटांतून नेमकीं पानें काढून द्यावींत तसें हें आहे. परंतु ग्रंथपालाच्या हातून जें निसटलें तें यंत्राच्या दृष्टीनें नाहींच. एका खंडांत "त्यांनीं पुढें शाळेची इमारत बांधिली" असें वाक्य असावें आणि 'त्यांनीं' म्हणजे कोणीं हें मागल्या खंडांत राहून जावें, म्हणजे इमारतीचें श्रेय भलत्याच्याच माथीं जातें. तसेंच, "या पन्नास अंकांत मुलींच्या खेळांचा उल्लेख किती वेळां आला?" असा सगळ्या मजकुरावर फिरणारा प्रश्न या रीतीनें सुटत नाहीं, कारण यंत्रानें पन्नास अंक पाहिलेलेच नसतात, त्यानें चार खंड पाहिलेले असतात. आणि मोठ्या मेजावर सर्व कागद एकदम मांडले तरी कांहीं निराळीच अडचण येते. २०२३ सालीं स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, लांब मजकुराच्या आरंभींची व शेवटची माहिती यंत्रास जितकी सांपडते, तितकी मधली सांपडत नाहीं. (वर्गांतही मधल्या बांकांवरच्या मुलांचें असेंच होतें, हें आम्ही मान्य करतों.) म्हणून थोडे व नेमके कागद द्यावेत, ढीग देऊं नये.

मराठी कागदांची एक खास अडचण आहे, तिजवर थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे. संगणकांत अक्षरें साठविण्याची जी जागतिक पद्धति, युनिकोड, तींत देवनागरी १९९१ पासूनच आहे; तरी आमच्याकडील छापखाने पुढें कित्येक वर्षें निराळ्याच फाँटांवर चालले. श्रीलिपि, कृतिदेव इत्यादि फाँटांत पडद्यावर 'क' दिसला तरी आंत साठविलेलें अक्षर रोमन असे. वर केवळ देवनागरीचा मुखवटा. अशा फाइलीची पीडीएफ आपणांस सुरेख मराठी दिसते, परंतु यंत्रानें तिच्या आंतला मजकूर उचलला म्हणजे त्याच्या हातीं रोमन अक्षरांचा निरर्थक काला येतो. मौज अशी कीं, तशा वेळीं "मला वाचतां येत नाहीं" असें न म्हणतां तें अनेकदां शीर्षकावरून अंदाज बांधून सारांश लिहून देतें! याकरितां कागद दिल्यावर पहिलें काम हें करावें कीं, त्यांतील एखादा परिच्छेद जशाच्या तसा उतरून दाखव, असें त्यास सांगावें. उतारा मुळाशी जुळला तरच पुढें जावें.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचें दुखणें वेगळें. तेथें यंत्र चित्रावरून अक्षर ओळखतें, आणि शिरोरेषेवरील टिंब हा कागदावरचा डाग कीं अनुस्वार, हें त्यास नेहमींच कळतें असें नाहीं. आमच्या या पानांवर जुन्या वळणाचे अनुस्वार अजून दिसतात. १९६२ च्या नियमांनंतर ते बहुतेक ठिकाणचे गेले, आम्हांस मात्र सोडवत नाहींत. असें टिंब गळालें कीं 'नांवा'ची 'नाव' होते, आणि मग "त्याचें नांव बुडालें" या वाक्यावरून यंत्र एखाद्या होडीचा अपघात वर्णन करूं लागलें तर आश्चर्य मानूं नये.

हस्तलिखितांत तर धोका याहून सूक्ष्म. याचा अनुभव आम्हांस या वर्षीं आला. दहावींतील एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं १९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामावर मजुरांची हजेरी मांडण्याचें काम केलें होतें. त्या दिवसांची त्यांची एक वही आहे, सुमारें चाळीस पानांची. शाई फिकी, अक्षर घाईचें. मुलानें पानांचीं छायाचित्रें काढून यंत्रास दिलीं व वहीवरून लेख लिहावयास सांगितलें. लेख वाचनीय उतरला. तो त्यानें आजोबांस वाचून दाखविला. एके ठिकाणीं वाक्य होतें, "आज रेशन मिळालें." आजोबांनीं त्यास थांबविलें आणि वही मागितली. वहींत लिहिलें होतें, "आज रेशनवर मिलो आला." मिलो म्हणजे त्या वर्षीं अमेरिकेंतून आलेली तांबडी ज्वारी, महाराष्ट्रांतील त्या पिढीच्या माणसास तिची भाकर व कामावर वांटली जाणारी सुकडी यांची चव अजून आठवते. यंत्रास 'मिलो' हा शब्द अनोळखी वाटला, म्हणून त्यानें तो ओळखीचा करून घेतला. कोठें कांहीं खोडल्याची खूण नाहीं, शंकेचें चिन्ह नाहीं. "अरे, आम्हीं जें खाल्लें तेंच यांतून गेलें कीं!" असें आजोबा म्हणाल्याचें मुलानें आम्हांस सांगितलें.

यानंतर मुलानें जें केलें तें अनुकरणीय आहे म्हणून लिहितों. त्यानें आजोबांच्या शेजारीं बसून सबंध वही स्वतः वाचली व युनिकोड मराठींत टंकून काढली. त्यास तीन रविवार लागले. प्रत्येक पानास क्रमांक व तारीख दिली. जो शब्द दोघांसही लागला नाहीं, तेथें 'अवाच्य' असें लिहिलें. वर एक टीप जोडली कीं, ही वही कोणाची, केव्हांची, आणि मिलो, सुकडी, तगाई, खडी यांचा अर्थ काय. मग ती प्रत यंत्रास देऊन त्यानें ज्या सूचना दिल्या त्या आम्हीं पाहिल्या आहेत. उत्तर केवळ या कागदांवरून दे. प्रत्येक विधानापुढें वहीच्या पानाचा क्रमांक घाल. वहींत नसेल तें 'वहींत नाहीं' असें स्पष्ट सांग. वहीतले शब्द बदलूं नकोस. इतकेंच. यांतील तिसरी सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक दिली नाहीं तर यंत्र सहसा तें म्हणत नाहीं. आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें कांहींतरी लिहून पान भरतें.

अर्थात् पानाचा क्रमांक आला म्हणजे विधान खरें ठरलें, असें नाहीं. क्रमांक बरोबर आणि त्या पानावरून काढलेला अर्थ चुकीचा, असें या मुलाच्या लेखांतही दोन ठिकाणीं झालें. क्रमांकाचा लाभ एवढाच कीं, तपासणें सोपें होतें. आणि तपासावें तें मूळ वहींत, यंत्रास पुन्हा विचारून नव्हे. न्यूयॉर्कची गोष्ट वर आलीच आहे.

दुसऱ्यांचे कागद देण्याविषयींही एक शब्द लिहितों. जें आपल्या हातीं आलें तें सर्व यंत्रास देण्याचा आपणांस अधिकार आहे, असें नाहीं. यंत्र बहुधा आपल्या घरच्या संगणकांत नसून दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रशाळेंत असतें. कागद तेथवर जातो, आणि कांहीं सेवांत तो पुढील यंत्रें शिकविण्यास वापरला जाऊं शकतो. वर्गमित्रांच्या गुणपत्रिका, कोणाचें खासगी पत्र, वैद्याचा कागद हे कोणत्याही सबबीवर देऊं नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें आहे आणि त्यांच्या माहितीस विशेष जपलें आहे, हें शिक्षकांनींही विसरूं नये. ग्रंथांच्या बाबतींत, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत आपल्या देशांत त्याच्या वारसांचा हक्क असतो; अभ्यासापुरतें पान देणें वेगळें व सबंध पुस्तक चढविणें वेगळें. आणि कोणी अनोळखी मनुष्यानें पाठविलेली फाइल देण्यापूर्वीं विचार करावा, कारण कागदांत पांढऱ्या अक्षरांनीं, माणसास दिसणार नाहीं अशी आज्ञा दडवून ठेवण्याची लबाडी निघाली आहे. यंत्र ती वाचतें आणि कधीं कधीं तुमचें सोडून तिचेंच ऐकतें.

असो. वहीची हकीकत थोडी राहिली आहे. वहीच्या एका पानावर, मार्च १९७३ मध्यें, काम तीन दिवस बंद होतें एवढीच नोंद आहे. पहिल्या खेपेस यंत्रानें मजुरांनीं मजुरीवाढीसाठीं काम थांबविलें असें कारण लिहून दिलें होतें, आणि तें इतकें संभवनीय होतें कीं आम्हींही तें विनातक्रार छापलें असतें. दुसऱ्या खेपेस त्याच प्रश्नावर उत्तर आलें, "कारण वहींत नाहीं." तेव्हां मुलानें आजोबांस विचारलें. आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले कीं, खडीच्या खाणीची कड ढांसळून दोन बाया खालीं गेल्या होत्या, आणि त्या दिवशीं हजेरीपटावरून त्यांचीं नांवें कमी करतांना वहींत आणखी कांहीं लिहावयास त्यांचा हात धजला नाहीं. तीं नांवें त्यांनीं नातवास सांगितलीं. त्यानें तीं त्या पानाच्या समासांत पेन्सिलीनें लिहून ठेविलीं आहेत. त्याचा लेख याच अंकांत पुढें छापला आहे. नांवें मात्र आजोबांच्या इच्छेवरून छापलेलीं नाहींत, आणि यंत्रासही दिलेलीं नाहींत.